चौदा स्थळे, अकरा माणसे
(एस. वाय. बी. ए., भूगोल)

परदेशप्रवास म्हटला की आमच्या गावात अजूनही लोकांच्या डोळ्यांपुढे विमान, सूटबूट आणि हार घेऊन निरोपाला आलेले नातेवाईक उभे राहतात. वस्तुतः आमच्या निफाड तालुक्यातून दर उन्हाळ्यात कितीतरी साधी माणसे परदेशी जाऊन येतात, आणि आपण परदेशी जाऊन आलो हे त्यांच्या गावीही नसते. मनमाडला गाडीत बसायचे, दीड दिवसाने गोरखपूरला उतरायचे, तिथून बसने शंभरेक किलोमीटरवरची सोनौली गाठायची आणि एका कमानीखालून पायी पलीकडे गेले की झाले नेपाळ. व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारानेही दोन्हीकडच्या माणसांची ये-जा मोकळीच ठेवली आहे. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ ही नावे आमच्याकडे पंढरपूर-त्र्यंबकेश्वराच्याच सुरात घेतली जातात.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, आमच्या गल्लीतली अकरा माणसे अशीच नेपाळला गेली. त्यांत मीही होते. नुसती होते असे नव्हे, तर त्या प्रवासाचा सगळा आराखडा मीच केला होता, आणि त्या आराखड्यातल्या चुकाच मी इथे मांडणार आहे. कुणी म्हणेल, वार्षिकांकात प्रवासवर्णनासाठी जागा असताना हे रडगाणे कशाला? माझे म्हणणे असे की, प्रवासवर्णनातला हिमालय नेहमी सोनेरीच असतो. त्या हिमालयाखाली कोण ओकत बसले होते, कुणाचे पैसे अडकले, कुणाला परत पाठवले, हे कुणी लिहीत नाही. मग पुढची मंडळी त्याच चुका नव्याने, स्वतःच्या पैशाने करतात.

मुळात हे काम माझ्याकडे आले कसे ते सांगायला हवे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दादा सातवीपर्यंत शिकले, आईने चौथीनंतर शाळा पाहिली नाही, आणि आजी अंगठा उठवते. मी भूगोल घेतल्यापासून "हिला जगाचा नकाशा पाठ हाये" असे आजी बाजारच्या दिवशी भेटेल त्याला सांगते. बँकेचा कागद, अनुदानाचा अर्ज, दवाखान्याचा रिपोर्ट, सगळे माझ्यापुढे येऊन पडते. नेपाळचे ठरले तेव्हा नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, सरळ म्हणाले, "तू हाये ना शिकलेली? मग तूच बघ काय ते." आणि मी "बघते" म्हणाले. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना कदाचित हे कळणार नाही. त्यांच्याकडे 'माहीत नाही' हे साधे उत्तर असते. आमच्याकडे तसे म्हटले की आपल्या शिक्षणावर झालेला खर्च वाया गेला असे कुणाला वाटेल की काय, ही धास्ती असते.

माझे स्पष्ट मत असे आहे की परदेशप्रवासातल्या बहुतेक चुका इथूनच निघतात. फोनवर बघाल तर सल्ल्यांचा ढीग पडलेला आहे. बॅग हलकी ठेवा, कागदांच्या झेरॉक्स काढा, स्वेटर घ्या. हे सगळे ठीकच आहे, आणि स्वेटर आमच्याकडे होते. राहून गेले ते प्रश्न विचारणे. मोठी माणसे विचारत नाहीत, कारण लोक हसतील. आणि आम्ही शिकलेली पोरे विचारत नाही, कारण आम्हाला सगळे माहीत असले पाहिजे. दोघांच्या मध्ये प्रश्न तसाच राहतो आणि सीमेपलीकडे जाऊन उभा ठाकतो.

विचारायचे आणखी एका कारणाने राहिले. 'नेपाळ म्हणजे आपलंच' हे वाक्य तयारीच्या पंधरा दिवसांत मी किती वेळा ऐकले असेल त्याची गणती नाही. आपल्याच घरी जाताना कोण चौकशी करतो?

आता या आपलेपणाची किंमत पाहा. सोनौलीला बस थांबली तेव्हा नानांच्या कमरेच्या पिशवीत सगळ्यांचे मिळून काढलेले पैसे होते, आणि ते सगळे पाचशेच्या नोटांत. नेपाळ सरकारने २०१८ च्या डिसेंबरमध्ये शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, आणि आम्ही गेलो तेव्हा ती लागू होती. २०१६ ला आपल्याकडे नोटाबंदी झाली तेव्हा पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा नेपाळातल्या लोकांकडे अडकून पडल्या होत्या, हे लक्षात घेतले तर त्यांनी असे का केले असेल याचा अंदाज येतो. असे नियम बदलतही असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा चौकशी करावी. पण मी पहिल्यांदाही केली नव्हती. भर उन्हात कमिशन देऊन नोटा बदलून घेताना नाना माझ्याकडे बघत नव्हते, ते मला जास्त लागले.

पुढची गंमत शालीची. भारताच्या शंभर रुपयांचे नेपाळात एकशेसाठ होतात, आणि हा दर १९९३ पासून तोच आहे. भारतीय गिऱ्हाइकाला तिथे 'आयसी' आणि 'एनसी' हे शब्द पहिल्या दिवशीच कानावर येतात. आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. पोखऱ्यात आईने एक शाल घेतली. दुकानदार म्हणाला आठशे. आईने आपल्या शंभराच्या आठ नोटा मोजून दिल्या. वास्तविक आठशे एनसी म्हणजे आपले पाचशे. दुकानदाराने लबाडी केली असेही मला म्हणवत नाही. 'आयसी की एनसी' एवढे विचारायला आमच्यापैकी कुणाचे तोंड उघडले नाही. ती शाल आई आता लग्नकार्यात घालते आणि तिची किंमत सांगताना आठशेच सांगते. त्याच वर्षीच्या आधी, २०२४ च्या मार्चपासून, आपल्या यूपीआयने नेपाळातल्या दुकानांत पैसे देण्याची सोय सुरू झाली आहे. पण त्यासाठी फोन चालू असावा लागतो. आपले सिमकार्ड सीमा ओलांडली की गप्प होते, हेही आम्हाला तिथे गेल्यावर कळले.

घड्याळाचे तर मला स्वतःलाच हसू येते. नेपाळची वेळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे आहे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, त्यांची गौरीशंकर शिखरावरून जाणाऱ्या सव्वाशहाऐंशी अंशांची. फरक पावणेचार अंशांचा, एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे पंधरा मिनिटे. हे गणित मी परीक्षेत सोडवलेले आहे. तरीही पोखऱ्यात सकाळी सहाच्या बसला आम्ही 'वेळेवर' पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते आणि बसमधली सगळी नेपाळी मंडळी खिडकीतून आमच्याकडे बघत होती.

ही झाली हसण्यासारखी चूक. मामांची तशी नव्हती. ते सत्तेचाळीस वर्षांचे, नोकरीवर लवकर हजर व्हायचे म्हणून परतीचे काठमांडू ते दिल्ली विमानाचे तिकीट काढलेले. सोनौलीला कुणी कागद नीट पाहिले नव्हते, त्यामुळे आमचा समज झाला की आधारकार्ड चालते. काठमांडूच्या विमानतळावर त्यांना सांगण्यात आले की, नाही चालत. विमानाने नेपाळला जाता-येताना भारतीय माणसाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते. पासष्टच्या वरच्यांना आणि पंधराच्या आतल्यांना तेवढी सूट असते. मामांचे मतदार ओळखपत्र घरी ट्रंकेत, पितळी भांड्यांच्या खाली. तिकिटाचे पैसे गेले, आणि माणूस रात्रभर बसने सोनौलीला परतला. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. मामी मात्र लावते, आणि बरोबरच लावते.

'आपलंच' म्हणण्यातली आणखी एक गोष्ट पैशांत मोजता येत नाही. आमच्यातल्या एका काकांनी पहिल्याच रात्री लॉजमधल्या पोऱ्याला हाक मारली, "ए बहादूर!" आमच्याकडे नाशिकच्या हॉटेलांत, सोसायट्यांच्या फाटकांवर नेपाळी माणूस दिसला की त्याला बहादूर म्हणायची पद्धतच आहे. तो मुलगा शांतपणे म्हणाला, "मेरा नाम बहादूर नहीं है." एवढेच बोलून त्याने पाण्याचा जग ठेवला. काका वरमले. आपल्या देशात पोटासाठी आलेल्या माणसाला आपण एका नावात बसवतो, आणि त्याच्या देशात जाऊनही ते नाव बदलायचे आपल्याला सुचत नाही. नेपाळवर इंग्रजांचे राज्य कधी नव्हते. त्यांचे सरकार, त्यांचा पैसा, त्यांचे घड्याळ स्वतंत्र आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे मोठा भूकंप झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सीमेवरून इंधन आणि औषधे येणे कित्येक महिने अडले, हे ते विसरलेले नाहीत. अशा माणसांपुढे 'तुमचा देश म्हणजे आमचाच' असे म्हणणे प्रेमाचे वाटते खरे, पण ऐकणाऱ्याला ते तसे वाटेलच असे नाही. दुसऱ्या दिवसापासून काका 'दाइ' म्हणायला लागले, म्हणजे दादा. तो शब्द त्यांनी त्याच मुलाला विचारून घेतला.

आता माझ्या आराखड्याकडे येते. तालुक्याच्या एका यात्रा कंपनीचे पत्रक माझ्या हाती लागले होते. त्यावर ठळक छापले होते, 'आठ रात्री, नऊ दिवस, चौदा स्थळे'. कंपनीचे पैसे परवडणारे नव्हते, म्हणून आम्ही आपले आपण जायचे ठरले होते. पण पत्रक मी जसेच्या तसे वहीत उतरवून काढले. चौदा हा आकडा मला फार आवडला. घरी वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांनाच आवडला. इतक्या लांब जायचे, पुन्हा कधी होणार नाही, तर मग सगळे बघून घेऊ, असा आमच्यासारख्यांचा हिशेब असतो. वर्षानुवर्षे साठवलेले पैसे एकदाच खर्च करणाऱ्या माणसाला 'थोडेच बघा, निवांत बघा' हा सल्ला श्रीमंती वाटतो. त्याला मी हसणार नाही. पण त्या हिशेबात एक घोटाळा आहे, आणि तो मला लुंबिनीत प्रथम दिसला.

आमच्या अकरांत शेजारच्या आळीतले एक जोडपे होते. ते बौद्ध. पशुपतिनाथाशी त्यांना कर्तव्य नव्हते. ते आले होते लुंबिनीसाठी. १९५६ च्या नोव्हेंबरात, महापरिनिर्वाणाच्या अवघ्या काही दिवस आधी, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला काठमांडूला गेले होते, ही गोष्ट त्या काकांनी गाडीत आम्हाला दोनदा सांगितली. माझ्या वहीत लुंबिनीसमोर लिहिले होते, 'एक तास'. मायादेवीचे मंदिर, अशोकाचा स्तंभ, पुष्करिणी, फोटो, बस. काका स्तंभापुढे उभे राहिले. बुद्धाचा जन्म इथे झाला असे सांगणारा अशोकाचा लेख त्यावर आहे. ते अक्षरांकडे बघत होते, आणि मी मागून घड्याळ दाखवत होते. पुढे एका धबधब्यापाशी आम्ही दीड तास घालवला, कारण पत्रकात तिथे दीड तास लिहिला होता. त्या धबधब्यासाठी अकरांपैकी एकही माणूस घरून निघाला नव्हता.

मुक्तिनाथासाठी मात्र एक माणूस निघाले होते. माझी आजी.

आजी आधारकार्डावर एकाहत्तरची. जन्मतारीख अर्थातच १ जानेवारी. रक्तदाबाची गोळी रोज चालू. आजोबा गेल्यापासून तिने मुक्तिनाथाचे मनात धरले होते. मुक्तिनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटरहून जास्त उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी मुक्तिनाथ वरच राहते. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्याही खाली येतो आणि दर श्वासाला त्या प्रमाणात प्राणवायू कमी मिळतो. शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात. पत्रकात पोखरा आणि जोमसोम यांच्यामध्ये वाटेत एक मुक्काम होता. तो मी खोडला. एक रात्र वाचली म्हणजे अकरा माणसांचे जेवण आणि खोल्या वाचल्या, आणि वाचलेल्या दिवसात आणखी दोन स्थळे बसत होती. खोडताना मी फूटपट्टी लावून रेघ मारली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पोखरा ८२० मीटरच्या आसपास. तिथून आम्ही पहाटे जीपने निघालो आणि रात्री जोमसोमला पोचलो, २,७०० मीटरवर. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपासच, पण रस्ता असा की सारा दिवस गेला. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, मधून काळी गंडकी. हे वर्णन मी चांगले करू शकले असते. पण मला त्या दिवसातले आठवते ते आजीचे दोन्ही हातांनी धरलेले डोके. रात्री ती जेवली नाही. दोनदा उलटी झाली. आम्ही म्हटले, गाडी लागली. मी तिला पित्ताची गोळी दिली. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही उंची बाधल्याची पहिली लक्षणे असतात, आणि ती दिसली की वर चढायचे नसते, हे लॉजच्या बाईला नक्की ठाऊक असणार. तिला विचारावे असे मला वाटले सुद्धा. पण माझ्याच आराखड्यावर सगळे आले होते. आता 'पुढे जावे की नाही' असे परक्या बाईला विचारायचे म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचे की मला माहीत नाही.

सकाळी आम्ही तिला वर नेले.

राणीपौवा म्हणून देवळाखालची वस्ती आहे, तिथे गाड्या थांबतात. पुढे चढ आणि पायऱ्या. आजी गाडीतून उतरली, चार पावले चालली आणि दगडावर बसली. श्वास लागला होता. "दमले गं" एवढेच म्हणाली आणि मग माझे नाव घ्यायच्या ऐवजी आत्याचे घेतले. जीपवाला लांबून बघत होता, तो धावत आला. "लेक लाग्यो, बहिनी. नीचे ले जाओ, अभी." मला क्षणभर कळेना. आपल्याकडे लेक म्हणजे मुलगी. नेपाळीत लेक म्हणजे उंच डोंगर, आणि लेक लागणे म्हणजे उंचीची बाधा होणे. डोंगरातल्या माणसांना हे इतके सवयीचे की त्यांच्या रोजच्या बोलण्यात त्याला शब्द आहे.

दादा आणि मी आजीला घेऊन त्याच जीपने खाली निघालो. जोमसोमच्या दवाखान्यात तिला प्राणवायू लावला. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारले, पोखऱ्याहून कधी निघालात? मी म्हटले, काल. त्याने मान वर करून माझ्याकडे एकदा बघितले आणि कागदावर लिहीत राहिला. मग म्हणाला, आणखी खाली जा, आजच. संध्याकाळी आम्ही तातोपानीला पोचलो, बाराशे मीटरच्या सुमारास. रात्री नऊ वाजता आजी उठून बसली आणि म्हणाली, "च्या हाये का?" दादा बाहेर गेले. चहा आणायला गेले असे मला वाटले. पण ते व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाकीच्या मंडळींनी मुक्तिनाथाच्या एकशेआठ धारांखाली स्नान केले आणि आजीसाठी बाटलीत पाणी आणले. आजीने ते डोळ्यांना लावले. मुक्तिनाथ तिने पाहिला नाही.

उंचीबरोबर तापमान आणि दाब कसा घटतो यावर प्रथम वर्षाच्या परीक्षेत मी प्रश्न सोडवला होता. आकृतीसह. चांगले गुण पडले होते. त्या आकृतीत कुठेही एकाहत्तर वर्षांची बाई नव्हती, म्हणून मला तिथे आजी दिसली नाही. याबद्दल मी प्राध्यापकांना दोष देत नाही. सर व्हरांड्यातून रोज जातात, त्यांना थांबवून "सर, आजीला मुक्तिनाथला न्यायचे आहे, चालेल का?" असे विचारायला मला दोन मिनिटे लागली असती.

गावात या प्रकरणावर दोन मते झाली आहेत. एक मत असे की म्हाताऱ्या माणसांनी असले धाडस करू नये, घरी बसून नाव घ्यावे. हे मत मला मुळीच पटत नाही. आयुष्यभर कांदा खुडणाऱ्या बाईने एकदा काहीतरी मागितले, तर तिला 'आता वय झाले' असे सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? दुसरे मत असे की कंपनीबरोबर जावे, म्हणजे सगळे ते बघतात. यात थोडे तथ्य आहे. पत्रकात तो वाटेतला मुक्काम होता, आणि तो मी खोडला, हे मी विसरत नाही. पण कंपनीलाही चौदा स्थळे विकायची असतात. तुमच्या आजीला रक्तदाब आहे हे पत्रकाला माहीत नसते. ते तुम्हालाच सांगावे लागते आणि तुम्हालाच विचारावे लागते.

आज मला कुणी तो आराखडा पुन्हा करायला सांगितला तर मी तो उलट्या टोकाने करीन. आधी माणसे, मग स्थळे. कुणाचे वय किती, गोळ्या कोणत्या, कोण कशासाठी निघाले आहे, हे पहिल्या पानावर. ज्या जागेसाठी एखादा माणूस निघाला आहे त्या जागेला अर्धा दिवस, आणि ज्या जागेसाठी कुणीच निघाले नाही ती सरळ बाद. मुक्तिनाथाला जायचे तर पहिला मुक्काम तातोपानीला, दुसरा जोमसोमला, तिसऱ्या दिवशी तिथेच विश्रांती, चौथ्या दिवशी सकाळी वर जाऊन दर्शन आणि त्याच दिवशी खाली. ज्यांना रक्तदाब किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून, कुठे जातो आहोत ते उंचीच्या आकड्यासह सांगावे. 'नेपाळला जातो' एवढे सांगून भागत नाही. अन्नपूर्णा भागात शिरायला परवाना लागतो, त्यासाठी फोटो घरून न्यावेत. आमचा अर्धा दिवस फोटो काढण्यात गेला. आणि हाताशी दोन दिवस मोकळे ठेवावेत. पावसाळ्यात त्या रस्त्यांवर दरडी कोसळतात. आम्ही परतल्यावर साडेतीन महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, तिथल्या तरुणांच्या आंदोलनात सरकार पडले आणि काठमांडूचा विमानतळही काही काळ बंद राहिला. ज्यांचे परतीचे तिकीट त्याच दिवसाचे होते त्यांचे काय हाल झाले असतील, याची कल्पना मामांना सर्वांत चांगली आहे.

एवढे केले तर चौदांतली सहा स्थळे कमी होतात. आमच्या नानांना हे अजून पटलेले नाही. "मग गावात येऊन काय सांगायचं?" असे ते विचारतात.

आजी मात्र पुन्हा जायचे म्हणते. मागच्या महिन्यात तिने मला बसवून विचारले, "तो मुक्तिनाथ कळसूबाईपेक्षा किती उंच म्हणालीस?" मी आकडा सांगितला. तिने बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, "मग आपण हळूहळू जाऊ. मधी दोनदा राहू." तिच्या पासपोर्टचा अर्ज मी भरला आहे.

परवा शेजारच्या गावाहून दोघे भाऊ आमच्याकडे आले. त्यांनाही नेपाळला जायचे आहे, येत्या उन्हाळ्यात. हातात तेच पत्रक होते. या वर्षी स्थळे सोळा झाली आहेत. मी म्हटले, आधी कोण कोण येणार त्यांची नावे आणि वये सांगा. थोरला हसला. "ताई, आम्ही ठिकाणं विचारायला आलो, तुम्ही वयं विचारताय." मी वही पुढे ओढली. त्याने पहिले नाव आईचे सांगितले.

"वय?"

तो धाकट्याकडे बघायला लागला.